दीडशे माणसांच्या हॉलमध्ये रॅप ऐकणं ही ‘गरिबीची हौस’ कशी काय?

घोडबंदरकर

काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं: ‘छोट्या हॉलमध्ये घामाघूम उभं राहून रॅप ऐकणं ही गरिबीची हौस आहे. शो बघायचा तर स्टेडियममध्ये, नाहीतर घरी हेडफोन आहेतच.’ पुरावा म्हणून जानेवारी २०२५ मधले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधले कोल्डप्ले बँडचे फोटो. खाली टाळ्याच टाळ्या. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

रॅपमध्ये शब्द गेले की काय उरतं? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर उभे असाल तर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटमध्ये दोन ठोक्यांत अंतर असतं ०.६७ सेकंद. म्हणजे समोरचा ज्या ठोक्यावर हात उडवतो, तो तुमच्या कानात जवळपास अर्धा ठोका मागाहून पडतो. वर समोरच्या स्टँडवर आपटून परत येणारा बेस. ‘च’ आणि ‘ज’मधला फरकही त्यात बुडतो. कोल्डप्लेचं चालून जातं, ‘ओ ओ ओ’ सगळ्यांना येतं. चार भाषांत यमकं फिरवणाऱ्या ग्रुपचं चालत नाही.

मी मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपला छोट्या जागेत ऐकलंय, आणि मला दुसरीकडे कुठे ऐकायचंच नाही. जवळून काय दिसतं सांगतो. एकजण लांबलचक ओळ एका दमात ओढत असतो, आणि शेवटचा शब्द दुसरा उचलतो. घरी ऐकताना वाटतं जोर यावा म्हणून दोघे बोलतात. जोर येतोच, पण चार फुटांवरून कळतं की पहिल्याला तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो. त्याचा गळा हलताना दिसतो, दुसऱ्याची नजर त्याच्या तोंडावर खिळलेली असते. चार माणसं एकमेकांचा श्वास सांभाळतायत. हे स्क्रीनवर बघून दाखवा.

आणि हे सुरू कुठे झालं? ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली १५२०, सेजविक अव्हेन्यू ही इमारत, खालचा कॉमन हॉल. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून पार्टी ठेवलेली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. सोसायटीचा हॉल होता तो! गरिबीची हौस म्हणायचं तर अख्खं हिपहॉपच गरिबीची हौस आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

सीवूड्सचा सम्या

ते गृहस्थ मी नाही, पण बाजू त्यांचीच घेतो.

०.३ सेकंदांचं गणित अर्धवट आहे. मोठ्या शोला मैदानाच्या मधोमध डिले टॉवर, म्हणजे स्पीकरचे मनोरे असतात, लांबच्या लोकांसाठी त्यांचा आवाज मुद्दाम मोजून उशिरा सोडतात. हे पन्नासेक वर्षांचं तंत्र आहे, जादू नाही.

आता छोट्या जागेचं ऐका. मागच्या पावसाळ्यात एका तळघरातल्या बारमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. तिकिटावर नऊ. नऊला स्टाफ टेबलं पुसत होता. साडेदहापर्यंत कुठलातरी डीजे. मेन ग्रुप स्टेजवर आला सव्वाअकराला. बेस एवढा की ग्लास टेबलावरून सरकत होते, शब्द एक नाही. तीन गाणी ऐकून निघालो, कारण शेवटची पनवेल गाठायची होती. ती चुकली. मग वाशी पुलावर टॅक्सीवाल्याशी हुज्जत. तुम्ही श्वास बघितलात, मी घड्याळ बघत होतो. स्टेडियमचा शो वेळेत सुरू होतो, वेळेत संपतो, नेरूळ स्टेशन चालत गाठता येतं.

घोडबंदरकर

डिले टॉवर आहेत, मान्य. पण टॉवरमुळे आवाज जवळ येतो, माणूस येत नाही. शो उशिरा सुरू झाला हा आयोजकाचा दोष. खोलीला कशाला शिव्या?

कोपरी साउंडवाला

मी दोन्हीकडे काम करतो, नाटकालाही आणि बारमधल्या गिगलाही. म्हणून बोलतोच.

सम्या म्हणतो शब्द एक नाही. बरोबर आहे, आणि त्याचं कारण नव्वद टक्के वेळा स्टेजवरच असतं. रॅपर माइकची जाळी मुठीत घेतो. दिसतं भारी. पण त्या माइकची रचना अशी असते की पुढचं ऐकायचं आणि मागचं टाळायचं. जाळीच्या मागच्या बाजूला मूठ आवळली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो. मग स्पीकरचं माइकमध्ये, माइकचं स्पीकरमध्ये, शिट्टी सुरू. शिट्टी दाबायला मी वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो, आणि शब्दांची धार तिथेच असते. पब्लिक मागे वळून माझ्याकडे बघतं. हात कुणाचा, शिव्या कुणाला!

दुसरं. साउंड चेकला वेळ कोण देतं? पाचला बोलावतात, सातला बारचा हॅपी अवर, ‘आता आवाज नको’. रिकाम्या हॉलमध्ये ऐकलेलं माणसं भरली की बदलतं. ते सावरायला पहिली दोन गाणी जातात. नाटकाची मंडळी निदान तिसऱ्या घंटेआधी माइक तपासतात.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. तळघरात स्पीकरसमोर शंभर सहज होतं. मेडिकलमध्ये इअरप्लग मिळतात. मी घालतो, तुम्हीही घाला.

मुंब्र्याची एमसी

सगळे जागेच्या आकारावर भांडताय. जागा असते कसली, ते कुणी बोलत नाही. बार असतो. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५. त्यामुळे दारावरच ओळखपत्र बघतात. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. माझ्या निम्म्या बीट त्याच्या आहेत. तो माझा शो बघू शकत नाही. बाहेर पानटपरीजवळ उभा राहून भिंतीतून येणारा स्वतःचा बेस ऐकतो. रॅप लिहिणारी, मरमर पाठ करणारी पोरं पंधरा ते वीसचीच आहेत. त्यांनाच आत प्रवेश नाही. हा कसला छोट्या जागेचा जिव्हाळा?

मग बार का, नाट्यगृह का नाही? विचारलं होतं. एका नाट्यगृहात मैत्रिणीबरोबर अर्ज घेऊन गेले. कार्यक्रमाचा प्रकार विचारला, रॅप म्हणून सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘मॅडम, वाद्यवृंद लिहा, नाहीतर शाहिरी लिहा. रॅप लिहिलंत तर वर जाणारच नाही.’ मी खोडलं नाही. अर्ज तिथेच राहिला.

नौपाड्याची नाट्यवेडी

वाद्यवृंद लिहायला लावणं चूक. पण त्या माणसाची काळजी मला समजते.

ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. मी तिथे आईच्या मांडीवर बसून नाटकं बघितली आहेत. नाट्यगृह नाटकासाठी बांधतात. आज अवस्था काय? शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्माते रडतात, आणि तारखा जातात कुठे, तर सत्कार, मेळावे, डान्स क्लासची गॅदरिंग. त्यात आता रॅप घाला. एका कॉलेजच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी मी एका नाट्यगृहात नाटकाला गेले होते. चौथ्या रांगेतल्या खुर्च्यांचे हात सुतळीने बांधलेले. पोरं त्यावर उभी राहून नाचली होती. शेजारच्या आजोबांच्या धोतरात सुतळी अडकली, ते पडता पडता वाचले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला उभं राहून ऐकायचं असतं, आम्हाला बसून. वास्तूच वेगळी लागते.

घोडबंदरकर

ताई, खुर्च्या कॉलेजच्या पोरांनी मोडल्या आणि शिक्षा आम्हाला? तारखा सत्कारवाले खातात हे तुम्हीच लिहिलंत. त्यांना दार उघडं आणि रॅपला कुलूप?

स्वदेशीने २०१९ मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. जंगल, जमीन, पाडा, सगळं त्यात आहे. वारली ठाण्यातही आहेत, येऊरच्या पाड्यांवर, रंगायतनपासून रिक्षाच्या अंतरावर. त्यांच्याबद्दलचं गाणं मी खारला जाऊन बारमध्ये, कव्हर चार्ज भरून ऐकायचं, आणि ठाण्याचा रंगमंच सत्कारांना? याचा मला राग येतो, आणि तो लपवणार नाही.

नौपाड्याची नाट्यवेडी

राग मलाही येतो. सत्कारांचा जास्त येतो. पण तुमचा सूर असा आहे की नाटकवाले म्हणजे म्हातारे आणि तुम्ही तेवढे जनतेचे. हौशी कलावंत रात्री दोनला टेम्पोत सेट भरतात, तेव्हा कुठे असता तुम्ही?

घोडबंदरकर

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. आणि म्हातारे हा शब्द तुमचा आहे, माझा नाही.

कळव्याचे काका

भांडू नका. रॅप आणि शाहिरी एकच. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डक, हीच परंपरा. मग शाहिरी लिहिलं तर बिघडलं कुठे?

सीवूड्सचा सम्या

काका, तुम्ही तर माझ्याच बाजूचं बोललात. अमर शेख आणि अण्णाभाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायलं ते दीडशे माणसांत नव्हे. मैदानात, कामगारांच्या हजारोंच्या सभेत. तेव्हा डिले टॉवरही नव्हते. तरी शब्द पोचले. मग छोट्या खोलीतच रॅप जिवंत राहतं हे कुठून काढलं? ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याला मैदान मिळायलाच हवं. नाहीतर तुम्ही चौघेजण एकमेकांचा श्वास बघत बसा.

घोडबंदरकर

मुद्दा बिनतोड आहे, आणि तो तुझ्याकडून यावा याचा त्रास होतोय. पण शाहिरांची चाल बघ. सावकाश ओळ, झीलकरी ती परत म्हणतात, मैदानाला दोनदा ऐकू येतं. रॅपमध्ये तेवढ्या वेळात सहा ओळी निघून जातात. मैदानात गायचं तर तसं लिहावं लागेल. लिहावंही कुणीतरी. माझी ना नाही.

मुंब्र्याची एमसी

काका, आदर ठेवून सांगते, शाहिरी मोठी आहे म्हणूनच तिचं नाव उसनं घेऊन मला आत जायचं नाही. मी रॅप करते. फॉर्मवर रॅपच लिहिणार.

आणि सम्या, मोठ्या मैदानाची वाट बघायला सगळ्यांकडे वेळ असतो असं नाही. स्वदेशीचा टॉडफॉड, गुजरातीत रॅप करायचा, २०२२ च्या मार्चमध्ये गेला. चोवीस वर्षांचा होता. ज्यांनी त्याला पाच फुटांवरून ऐकलं त्यांनी ऐकलं. मला शक्य होतं तेव्हा मी घरी बसले, कारण रात्री एकला मुंब्र्याला एकटं परतायचं कसं हा प्रश्न होता. म्हणून मला जागा इथे हवी आहे, ठाण्यात, संध्याकाळी सहाला, दारूशिवाय.

कोपरी साउंडवाला

सहाला करणार असाल तर एक फायदा आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम. बंद सभागृहाला आतल्या आतपुरती सूट आहे, पण आवाज बाहेर गेला की हवालदार येतो आणि सूट कुणी वाचत नाही. सहा ते साडेआठ, कुणाच्या बापाचं काही जात नाही. पैसे मात्र आगाऊ. बारवाले पार्टी होईपर्यंत ‘सर, सर’ करतात, नंतर फोन उचलत नाहीत.

नौपाड्याची नाट्यवेडी

रात्रभर विचार केला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही.

ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्या सभागृहाशिवाय एक लघु नाट्यगृह आहे. प्रायोगिक नाटकं तिथेच होतात. मंगळवार-बुधवारी नाटकाचं नुकसान न करता काही करायचं असेल, तर माझा विरोध नाही. अर्जावर रॅप लिहा. हवं तर मी सोबत येईन, खिडकीत काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. पण खुर्च्यांवर कुणी उभं राहिलं तर मीच दिवे लावायला सांगेन.

घोडबंदरकर

खुर्च्यांवर नाही. पण बसूनही नाही. मधल्या वाटेत आणि स्टेजपुढे उभं राहणार.

नौपाड्याची नाट्यवेडी

मधली वाट आगीच्या वेळी बाहेर पडायला असते. ती अडवायची नाही. स्टेजपुढे किती जागा आहे ते आधी जाऊन बघा, मग बोला.

सीवूड्सचा सम्या

तिकीट पाचशेच्या आत ठेवा, त्याच्यावर गेलं की जीएसटी लागतो. सहा म्हणजे सहाला सुरू होणार असेल तर येईन. स्टेडियमबद्दलचं मत तेच आहे. आणि आवडलेलं गाणं मी मोबाईलवर शूट करणार.

मुंब्र्याची एमसी

कर. पण शेवटच्या रांगेतून. पुढे माझा भाऊ उभा असेल, त्याला दिसलं पाहिजे.

सीवूड्सचा सम्या

शेवटच्या रांगेतून काय घंटा दिसणार?

घोडबंदरकर

लघु नाट्यगृह आहे रे, दिसेल.