मदत हवी आहे : थेट लिंकवरून होणारे पीडीएफ डाउनलोड कसे मोजायचे?

आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेस साइट आहे. जुन्या अंकांच्या पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तकाच्या फाइल) तिथे मोफत ठेवल्या आहेत. कुठला अंक किती वाचला जातो हे कळलं, तर पुढचं स्कॅनिंग त्यानुसार ठरवता येईल. म्हणून हे आकडे आमच्यासाठी फार मोलाचे आहेत.

गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ (साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) मध्ये 'एन्हान्स्ड मेजरमेंट' (क्लिक, डाउनलोड आपोआप नोंदवणारी सोय) चालू आहे. पानावरून पीडीएफवर क्लिक झालं की नोंद नीट होते. ईपब त्याच्या ठरावीक यादीत नाही, पण त्यासाठी टॅग मॅनेजरमध्ये (मोजणीचे कोड सांभाळणारं गूगलचं साधन) वेगळा ट्रिगर (नोंद कधी करायची याचा नियम) लावलाय, तोही चालतो.

अडचण व्हॉट्सअ‍ॅपची. लोक फाइलचीच लिंक पुढे पाठवतात. ती उघडताना आमचं पान लोडच होत नाही, मग स्क्रिप्ट चालत नाही आणि नोंदही नाही. सर्व्हरचे लॉग (आलेल्या मागण्यांच्या नोंदी) पाहिले, तर एकच पीडीएफ तुकड्यातुकड्यांनी मागवली जाते (२०६ कोड, म्हणजे फाइलचा फक्त एक भाग दिला), त्यामुळे एका वाचकाच्या अनेक ओळी दिसतात. त्यात बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) वेगळेच.

होस्टिंग शेअर्ड आहे. पीएचपी आणि एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरचे नियम लिहायची फाइल) बदलता येतं, सशुल्क प्लगइन परवडणार नाही. वाचकांना लॉगिन करायला लावायचं नाही आणि आधीच फिरत असलेल्या लिंका तुटायला नकोत.

फाइलची प्रत्येक मागणी पीएचपीमधून वळवून मेजरमेंट प्रोटोकॉलने (सर्व्हरवरून थेट गूगलला नोंद पाठवायची पद्धत) इव्हेंट पाठवायचा विचार आहे. पण कुकीच नसलेल्या वाचकासाठी क्लायंट आयडी (वाचकाच्या ब्राउझरची ओळख) काय द्यायचा, आणि २०६ च्या तुकड्यांतला नेमका कोणता एक डाउनलोड म्हणून धरायचा?