बिझनेस क्लासमध्ये आई-बाबांना कोणत्या सीटा द्याव्या? खिडकीच्या का मधल्या?

कपाशीचं बोंड

तीन आठवड्यांपासून घरात एकच वाद चालू आहे, तो आता तुमच्यापुढे टाकतो.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. धाकटा भाऊ शिकागोला असतो. सोयाबीन निघालं की आई-बाबांना तीन महिन्यांसाठी तिकडे न्यायचं ठरलं आणि त्यानं जमवलेल्या मैलांवर (विमान कंपनीच्या बक्षीस गुणांवर) दोघांचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. नागपूर-मुंबई साधं विमान, मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं मोठं विमान युरोपात, तिथून दुपारचं दुसरं शिकागोला. मोठे टप्पे दोन, दोन्ही नऊ तासांच्या आसपास. बाबा ७१, आई ६६. आईचा उजवा गुडघा कामातून गेलेला. बाबांना रात्री तीनदा उठावं लागतं. दोघंही आजवर विमानात चढलेले नाहीत. सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे ट्रॅव्हल्सनं यवतमाळ ते पुणे, तोही खालच्या स्लीपरमध्ये.

सीट पूर्ण सपाट होते, पलंगासारखी. मांडणी १-२-१, म्हणजे दोन्ही खिडक्यांना एकेक आणि मध्ये दोन. कोणीही कुठंही बसलं तरी गल्ली मोकळी, कोणाला ओलांडून जायचं नाही.

भाऊ म्हणतो, दोघांना खिडकीच्या द्या, एकामागे एक. एकांत मिळतो, म्हणून लोक त्याच आधी उचलतात. मी म्हणतो, एकांत पाहिजे कोणाला? ४२ वर्षं एका ओसरीत झोपलेली माणसं आहेत ही. बाबांच्या खोकल्यावरून आई रात्री किती वाजले ते ओळखते. ‘सर्वोत्तम सीट’ सांगणारे सगळे लॅपटॉप घेऊन एकटे हिंडणारे लोक. त्यांची चांगली सीट ती आमची कशी? माझं मत मधल्या दोन. सांगा कोणाचं चुकतं.

टेकऑफ नागपूर

चुकतं तुमचं, पण भावाचंही अर्धंच बरोबर आहे. मी वर्षातून चार-पाचदा लांबचा प्रवास करतो, म्हणून सांगतो.

खिडकीची सीट दोन प्रकारची असते. बऱ्याच विमानांत सीटा आड-रांगेनं पुढेमागे सरकवलेल्या असतात. एका रांगेत तुम्ही खिडकीला चिकटून आणि टेबल गल्लीच्या बाजूला. त्याच्या मागच्या रांगेत टेबल खिडकीला आणि तुम्ही थेट गल्लीत. पहिली सीट म्हणजे कोपऱ्यातली कोठी. दुसरीत रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याचं कोपर लागतं. कंपनीच्या नकाशात दोन्ही चौकोन सारखेच दिसतात. ‘एरोलोपा’ या वेबसाइटवर सीटांचे नकाशे मापात काढलेले असतात, तिथं फरक कळतो. तुमच्या विमानाचा प्रकार टाकून पाहा.

मधल्या जोडीचीही तीच गत. एका रांगेत दोघं शेजारी-शेजारी, पुढच्या रांगेत दोघांच्या मधोमध दोन टेबलं. वर पडदी. तिथं बाबांना आई दिसायची असेल तर दोघांनाही उठून बसावं लागेल. तेव्हा ‘मधल्या द्या’ म्हणून उपयोग नाही, कोणत्या रांगेतल्या ते सांगा.

तर्री पोहे

अबे बोंडा, बुढा-बुढीले संग बसव. पह्यल्यांदा जाऊन रायले ते. सीटचं बटन दाबलं न् पाय वर आले की आई कोनाले हाका मारन? हवाई सुंदरीले? तिले काय वऱ्हाडी येते काय?

पुण्यातली सून

माहेर पुसदचं, म्हणून बोलते. राग आला तर येऊ द्या.

‘४२ वर्षं एका ओसरीत’ हे तुम्ही मधल्या सीटच्या बाजूनं मांडलं. मला तर तेच खिडकीच्या बाजूचं वाटतं. ४२ वर्षं तिची झोप दुसऱ्याच्या खोकल्यावर बेतलेली आहे. मधल्या सीटवर काय होणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. अगं, चष्मा कुठं ठेवला. अगं, हे पांघरूण कसं उघडतं. अगं, हा काय आणून ठेवून गेला, यात अंडं आहे का विचार. हे सगळं विचारायला प्रत्येक सीटला बटण असतं, ते दाबलं की माणूस येतो. बाबांना ते एकदा दाबू द्या की. आणि आईला नऊ तास कोणी ‘अगं’ म्हणणार नाही अशी एक रात्र मिळू द्या.

शिवाय, आईला विचारलंत का? धाग्यात भाऊ काय म्हणतो ते आहे, तुम्ही काय म्हणता तेही आहे.

बांधावरून

सोयाबीनचा हमीभाव नुसता कागदावर. बाजारात तोही भेटंना. न् इथं चर्चा कशाची, तर पाय लांब करून झोपायचं कुठं. चालू द्या.

कपाशीचं बोंड

बांधावरून, भाऊ, तिकीट मैलांवर आहे हे वरच लिहिलं. माझ्या सोयाबीनचं मला विचारू नका, अर्धं पाण्यात आहे.

सूनबाई, आईला विचारलं. ती म्हणाली, ‘तुमाले जसं जमन तसं करा.’ याचा अर्थ तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

गुडघेदुखे

मी मागच्या वर्षी मुलीकडे मेलबर्नला गेले, दोन्ही गुडघे बदललेले. विमानाचं नाव सांगत नाही. तिथं मांडणी २-२-२ होती. हौसेनं खिडकी घेतली. शेजारचा गृहस्थ जेवला, सीट सपाट केली आणि मेल्यासारखा झोपला. त्याचे पाय म्हणजे आडवं टाकलेलं ओंडकं. मला पहाटेपर्यंत जाता आलं नाही. शेवटी एअर होस्टेसनं हात धरून ओलांडवलं, मी त्याच्या पोटरीवर पाय दिला, तो दचकून उठला. लाज वाटली हो.

तुमचं १-२-१ आहे, तर ही भानगड नाही. पण एक विसरू नका. मांडणी काहीही असो, आईनं दर दोन तासांनी उठून गल्लीत चार पावलं टाकली पाहिजेत. सपाट झोपायला मिळालं म्हणून नऊ तास पडून राहायचं नाही. पोटरीत रक्त गोठण्याचा धोका म्हातारपणी जास्त असतो. डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या. पाणी पाजत राहा, विमानातली हवा फार कोरडी असते. या हिशेबानं मला मधली सीट पटते. शेजारी नवरा असला की ‘उठ, चाल’ म्हणून हाकलतो तरी.

मिहानवाला

मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला लागून मिहान उद्योग क्षेत्रात विमानांच्या देखभालीचं काम करतो. वरचा सगळा वाद खिडकी का मधली यावर आहे, पायाचं कोणी बोलत नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी तीच मुख्य गोष्ट.

सीट सपाट होते म्हणजे काय होतं? तुमचे पाय पुढच्या माणसाच्या टेबलाखाली जातात. मांडणी सरकवून जागा वाचवतात ती इथंच. त्यामुळे खांद्यापाशी रुंद असलेला पलंग पायाशी बिळासारखा निमुळता होतो. उताणं झोपणाऱ्याला कळत नाही. कुशीवर वळून गुडघा दुमडणाऱ्याला कळतं. उपाय साधा आहे. पहिल्या रांगेत पुढं कोणी बसत नाही, नुसती भिंत असते, म्हणून बऱ्याच मांडण्यांत तिथं पायाची जागा ऐसपैस असते.

घरी करून पाहायचं असेल तर खोका घ्या. माप मॉडेलप्रमाणे बदलतं, पण अंदाजासाठी सव्वा फूट रुंद, फूटभर उंच धरा.

कपाशीचं बोंड

केलं. फवारणीच्या पंपाचा खोका होता, त्याची एक बाजू कापली आणि ओसरीतल्या खाटेच्या पायथ्याशी सुतळीनं बांधला. आईला झोपवलं. उताणी झोपली तर दोन्ही पाय आत, काही अडचण नाही. पण ती उताणी झोपतच नाही. डाव्या कुशीवर वळते, उजवा गुडघा दुमडते आणि दोन्हींच्या मध्ये उशी घेते. वळली तशी टाच खोक्याच्या वरच्या पुठ्ठ्याला लागली. पाय ओढायला गेली, तर खोका पायासकट वर आला. म्हणे, ‘बाप्पा, पोत्यात मांजर कोंबल्यावानी झालं.’ शेजारच्या दोघी कुंपणावरून बघत होत्या, त्यांना वाटलं पायाला प्लास्टर घातलं.

मग खोक्याच्या दोन्ही बाजू फाडून तो रुंद केला. आता पाय वळले. उशीही मावली.

बाबांनीही हट्टानं जुन्या मापाच्या दुसऱ्या खोक्यात पाय घातले. दहा मिनिटांत घोरायला लागले. त्यांचा प्रश्न तिथंच मिटला.

तेव्हा आई पहिल्या रांगेत, हे नक्की. मिहानवाला, पेढे तुमच्याकडे लागू.

टेकऑफ नागपूर

थांबा. पहिली रांग म्हणजे डोळे झाकून चांगली असं नाही. तान्ह्या बाळाचा पाळणा त्याच भिंतीला अडकवतात. बाळ असलं तर रात्र गेली. दुसरं, बऱ्याच विमानांत पुढं पॅन्ट्री आणि संडास. पडदा सरकला की उजेड थेट तोंडावर, भांड्यांचा आवाज, आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानात जेवण वाढेपर्यंत तीन वाजतात. शिवाय हवा खराब असेल तर पंखाजवळ कमी हलतं, नाकाकडं जास्त. मी स्वतः पहिली रांग कधीच घेत नाही. तिसरी-चौथी, खिडकीला चिकटलेली. शांत.

मिहानवाला

साहेब, तुमचे गुडघे चांगले आहेत.

तर्री पोहे

😂😂 न् संडास जवळ असनं हे दोषात काहून धरता? बुढ्याले तीनदा जा लागते. आमच्या बाबाले इचारा, ते म्हनतीन संडासातच सीट द्या.

गुडघेदुखे

पोहे बोलतात ते गमतीत, पण खरं आहे. अंधारात हलत्या विमानात दहा रांगा चालण्यापेक्षा उजेडाचा त्रास परवडला. डोळ्यावर पट्टी मिळते. उजेडावर पट्टी आहे, प्रोस्टेटवर नाही.

पुण्यातली सून

मग एक सुचवते. मधल्या दोन नको आणि एकामागे एक दोन खिडक्याही नको. पहिल्याच रांगेत आईला खिडकी द्या आणि बाबांना गल्लीपलीकडची मधली. मध्ये फक्त गल्ली. आपल्याकडं समोरासमोर दोन ओसऱ्या असतात तसं. मान वळवली की दिसतात. ‘चाल, उठ’ म्हणता येतं. पण चष्मा शोधायला मात्र बाबांना स्वतः उठावं लागेल.

खिडकी उजवीकडची घ्या. दुसरा टप्पा दिवसा पश्चिमेकडं आहे, म्हणजे सूर्य बहुतेक वेळ डावीकडं, दक्षिणेला राहणार. डावीकडच्या खिडक्या लोक लगेच बंद करतात. उजवीकडं उत्तर. आभाळ साफ असेल आणि वाट तेवढी वर गेली तर ग्रीनलंडचा बर्फ दिसतो.

टेकऑफ नागपूर

हे मान्य. माझ्या यादीत ही जोडी बसत नव्हती, कारण मी कधी कोणासोबत गेलोच नाही.

कपाशीचं बोंड

घरी सांगितलं. भाऊ म्हणाला ठीक आहे. बाबा म्हणाले, ‘मले काय, खोक्यातही झोप लागते.’ आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारलं, बर्फ दिसते म्हनते ते कोनत्या बाजूनं? मी म्हटलं उजव्या. मग दोन्ही टप्प्यांसाठी १के आईला, १जी बाबांना. निवडून मोकळा झालो. धागा बंद समजा.

कपाशीचं बोंड

धागा पुन्हा उघडतो. आज मेल आला. मुंबईचा टप्पा तसाच आहे, पण दुसऱ्या टप्प्याचं विमान बदललं. नव्या विमानात मांडणी २-२-२. आमच्या सीटा आपोआप दुसरीकडे टाकल्या आहेत, दोघांना वेगवेगळ्या रांगेत. आणि दोन्ही खिडकीच्या! म्हणजे गुडघेदुखे ताईंचं मेलबर्न आमच्या घरी दोनदा होणार. आता काय निवडू?

मिहानवाला

मोठं विमान बदलणं नवीन नाही. लगेच फोन करा, वेबसाइटवर वाट पाहू नका. २-२-२ मध्ये पायाखालचं बीळ बहुतेक नसतं किंवा मोठं असतं, ती काळजी सोडा.

टेकऑफ नागपूर

२-२-२ मध्ये मधली जोडी. दोघं शेजारी, आणि दोघांनाही आपापली गल्ली, ओलांडायचं कोणालाच नाही. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही म्हणत होता तेच, फक्त विमान वेगळं. मी हरलो असं लिहायला सांगू नका.

तर्री पोहे

पाय बरं! म्या सांगतलं होतं, संग बसव.

पुण्यातली सून

नाही, मी अजून खिडकीच म्हणते. खिडकीची जोडी घ्या, आई खिडकीला, बाबा गल्लीला. ओलांडायचंच तर स्वतःच्या नवऱ्याला ओलांडेल ना, परक्याला तर नाही.

गुडघेदुखे

त्या गुडघ्यानं? झोपलेल्या माणसाला? नवरा असो का कोणी, पाय तेवढाच वर उचलावा लागतो. मधलीच घ्या.

कपाशीचं बोंड

फोनवर आहे, चाळीस मिनिटं झाली, तेच संगीत वाजतंय. मधल्या मोकळ्या आहेत, उजव्या खिडकीची एक जोडीही मोकळी आहे. डोक्यानं मला मधली पटते. पण आई समोर बसून तूर निवडते आहे, मान वर न करता म्हणाली, ‘बर्फाच्या बाजूची घे.’