मदत हवी आहे: 'नारिंगी' हे रंगाचं नाव मराठीत कधीपासून?

आठवीच्या मुलांसाठी शाळेच्या प्रदर्शनात 'ऑरेंज' या शब्दावर एक फलक करतेय. इंग्रजीची बाजू जुळली आहे. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा, मग जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत. सुरुवातीचा 'न' इंग्रजीत पोचण्याआधीच गळाला होता. इंग्रजीत आधी फळाचं नाव आलं आणि रंगासाठी ते 16व्या शतकात रुळलं. त्याआधी या रंगाला पिवळा-लाल म्हणत, नाहीतर सरळ लाल. म्हणून तर नारिंगी छातीचा रॉबिन पक्षी तिकडे आजही 'रेडब्रेस्ट', म्हणजे लाल छातीचा! डच राजघराण्याचं 'ऑरेंज' मात्र फ्रान्समधल्या गावावरून आलंय. त्या गावाचं रोमन काळातलं नाव अरौसिओ, फळाशी मूळ संबंध नाही.

अडलंय ते मराठीपाशी. केशरी, भगवा, शेंदरी ही नावं हाताशी असताना 'नारिंगी' रंगासाठी कधी वापरात आलं? शब्दकोश चाळले, पण त्यांत अर्थ मिळतो, काळ नाही. 'संत्रा' शब्दाची व्युत्पत्ती नकोय, फलकावर तेवढी जागाच नाही. ऐकीव माहितीही मुलांसमोर ठेवायची नाही.

इंग्रजी शिक्षण सुरू होण्याआधीच्या एखाद्या बखरीत, पत्रात किंवा कापडाच्या यादीत 'नारिंगी' किंवा 'नारंगी' हा शब्द रंग म्हणून आलेला कुणी वाचला आहे का? असल्यास ग्रंथाचं नाव आणि पान सांगाल का?