पोर्तुगीज पणजोबा आले कुठून?

दप्तरदार
मेलंजन म्हणजे अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरातला एक मिश्रवंशी समाज. त्यांच्याबद्दल परवा इथल्या लेखात जहाजी यांनी ठोकून दिलं: "टेनेसीतले मेलंजन म्हणजे फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या पोर्तुगीज-तुर्कांचे वंशज, आता डीएनएनं सिद्ध झालंय." गप्प बसणार होतो, पण 'सिद्ध' वाचून डोकं उठलं. २०१२ साली जुन्या मेलंजन घराण्यांच्या डीएनए तपासणीचा निबंध आला. पुरुषांच्या ओळीत मुख्यतः आफ्रिकी आणि युरोपी, बायकांच्या ओळीत युरोपी. तुर्काचा पत्ता नाही. तपासणाऱ्यांत त्याच घराण्यांचे वंशजही होते, त्यामुळे 'बाहेरच्यांचा कट' म्हणायची सोय नाही. कागदही तेच बोलतात. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, बंच ही मंडळी व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनातून करयाद्यांमागे करयाद्या सोडत टेनेसीतल्या न्यूमन्स रिजच्या डोंगरात सरकली. बाकी दंतकथा.

जहाजी
आले पुराव्याचे ठेकेदार. स्पॅनिश सरदार हुआन पार्दोनं १५६७ मध्ये ॲपलेशियन डोंगराच्या पायथ्याशी किल्ला बांधला होता, तेवढं वाचा जरा.

दप्तरदार
वाचलंय. पुढच्याच वर्षी तो जळाला आणि शिबंदी मारली गेली. त्यांच्याकडून वंश चालवायचा म्हणता?

किंग्जपोर्टची काकू
दोघंही जरा दमानं. मी टेनेसीत नऊ वर्षं काढली. ऑफिसात माझ्या शेजारी बसायची ती मेलंजन घरातली. एकदा डबा खाताना तिनं जनगणनेच्या झेरॉक्स टेबलावर पसरल्या. एकाच आजोबांसमोर एका कागदावर 'एम', म्हणजे मुलॅटो, मिश्रवंशी, आणि पुढच्यावर 'डब्ल्यू', म्हणजे व्हाइट, गोरा. लोणच्याचं बोट लागू नये म्हणून मी हात मागे घेतला, तर म्हणते, "आमचे आजोबा दर दहा वर्षांनी गोरे होत गेले." तिची आजी मरेपर्यंत स्वतःला 'पोर्टिगी', म्हणजे पोर्तुगीज, म्हणत राहिली आणि नातवंडांना भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालायला लावायची. कारण दप्तरदारांनाच ठाऊक असणार. १८३४ च्या टेनेसीच्या घटनेनं मुक्त काळ्यांचा मताधिकार काढला. १८४६ मध्ये हॉकिन्स काउंटीत मेलंजनांवर बेकायदा मतदानाचे खटले झाले. व्हर्जिनियात १९२४ चा वंशशुद्धीचा कायदा आला आणि नोंदणी खात्याचा तो प्लेकर १९४३ मध्ये आडनावांच्या याद्या पाठवत सुटला. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मलिन्स दिसले की गोरे म्हणून नोंदवू नका. अशा वेळी 'आम्ही पोर्तुगीज' म्हणणं ही थाप नव्हे, ढाल होती.

दप्तरदार
ढाल होती, मान्य. पण ढालीला सातबारा समजू नका.

आजोळची
दप्तरदार, तुमच्या कुळाचा कुलवृत्तांत आमच्याही घरात आहे बरं. माझी आई त्याच कुळातली. त्यात तिच्या नावाऐवजी छापलंय 'कन्या १, विवाहित'. बस. आईनं सांगितलेलं काहीच वंशावळीत येत नाही, आणि इथे कागदांचे गोडवे!

दप्तरदार
विषय काय, बोलताय काय! त्या कामात मी होतो. चारशे फॉर्म पाठवले, साठ आले. नावं कुठून आणायची? स्वप्नातून?

आजोळची
मुलग्यांची नावं बरोबर आली स्वप्नातून.

रिकामटेकडा
+१. आमच्याकडे तर आत्याच्या नवऱ्याचं नाव आहे, आत्याचं नाही.

जहाजी
धागा मेलंजनांचा आहे. बायकांचं रडगाणं दुसरीकडे न्या.

आजोळची
रडगाणं? मेलंजनांचं सगळं आईवरच अडलेलं आहे, साहेब. १६६२ चा व्हर्जिनियाचा कायदा वाचा: मूल गुलाम की मुक्त, ते आईवरून ठरणार. करारावर राबणारी गोरी बाई आणि आफ्रिकी पुरुष, त्यांची मुलं मुक्त. वंशावळींचे अभ्यासक पॉल हायनेग यांनी कागद चाळून नेमकं हेच दाखवलं. मग मुलं मुक्त राहिली ती कुणामुळे? आणि आडनाव कुणाचं धरून संशोधन चाललंय? बापाचं! कुलवृत्तांतवाले तिकडेही पोचलेत.

किंग्जपोर्टची काकू
हे मात्र मला सुचलं नव्हतं. तिच्या त्या झेरॉक्सवरही आजीचं नुसतं पहिलं नाव होतं. माहेरचं आडनाव कुठेच नाही.

जहाजी
बरं, तुर्क सोडतो. पण पोर्तुगीज अगदीच हवेत नाहीत. १६१९ मध्ये व्हर्जिनियात उतरवलेले आफ्रिकी लोक अंगोलाचे, पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले. 'मेलंजन' हा शब्द तिकडच्या 'मलुंगू'वरून, म्हणजे एका जहाजातले सोबती, असंही म्हणतात.

दप्तरदार
आणि फ्रेंच 'मेलांज'वरून, म्हणजे मिश्रण, असंही म्हणतात. 'म्हणतात'चा मला वीट आलाय. 'मेलंजन' हा शब्द व्हर्जिनियातल्या स्टोनी क्रीकच्या चर्चच्या वहीत १८१३ मध्ये सापडतो, तेवढं पक्कं. अंगोलाचा मुद्दा मात्र वाईट नाही. लेखात जहाज फुटलं होतं, आता लुटलं गेलं. प्रगती आहे.

जहाजी
तुमचं कौतुकही कानफटात मारल्यासारखं असतं.

दप्तरदार
आजोळची, कुलवृत्तांताची पुरवणी निघतेय. आईंचं नाव, जन्मसाल, जन्मगाव खाजगी निरोपातून पाठवा.

आजोळची
आजीचंही पाठवते. छापाल?

दप्तरदार
कागद असेल तर.