अपग्रेडनंतर पोर्ट गायब, यांग मॉडेलची रिव्हिजन कशी सांभाळता?

केळीपट्टा_फायबर (जळगाव)
राम राम मंडळी. आमची छोटी आयएसपी आहे, लाइन रावेर-यावलकडे जाते. परवा रात्री दोन राऊटरचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि सकाळी नेटकॉन्फची (राऊटरशी दुरून बोलायचा प्रोटोकॉल) स्क्रिप्ट त्या दोघांवर एकही पोर्ट दाखवेना, इंटरफेसेस-स्टेट (पोर्टची स्थिती सांगणारा भाग) मागितलं की रिकामं येतं, एररसुद्धा नाही. बाकीचे अकरा व्यवस्थित. यांग फाइली (राऊटरच्या डेटाची मांडणी सांगणारी मॉडेलं) फोल्डरमध्ये आहेत पण नावात तारीख नाही, मग कोणत्या डब्यावर (राऊटरवर) कोणती रिव्हिजन हे ओळखायचं कसं?

भुसावळ_जंक्शन
भाऊ, स्क्रिप्ट तीच आहे, मॉडेल बदललंय. २०१४ च्या आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) ७२२३ मध्ये पोर्टची स्थिती इंटरफेसेस-स्टेट या वेगळ्या झाडात होती, २०१८ च्या ८३४३ मध्ये ते झाड डेप्रिकेटेड (कालबाह्य) केलं आणि ऑपर-स्टेटस (पोर्ट चालू की बंद) सरळ इंटरफेसेसखाली आणलं. डेप्रिकेटेड म्हणजे व्हेंडर देईल किंवा नाही देणार, म्हणून तुला रिकामं मिळतंय.
फोल्डरवर भरवसा ठेवू नको, डब्यालाच विचार. यांग-लायब्ररी (डब्यातल्या मॉड्यूलांची यादी) वाच, त्यात प्रत्येक मॉड्यूलची रिव्हिजन तारीख असते. जोडणी होताच डबा पाठवतो त्या नुसत्या हॅलो मेसेजवर थांबू नको, यांग १.१ (यांगची नवी आवृत्ती) ची मॉड्यूलं त्यात येतच नाहीत. आणि फाइल गेट-स्कीमा कमांड मारून त्याच डब्यातून काढ, इंटरनेटवरून उचलू नको.

पांझराकाठ (धुळे)
वरचं सगळं बरोबर, पण डेव्हिएशन (मूळ मॉडेलपेक्षा व्हेंडरने केलेला वेगळेपणा) विसरू नका. आमच्याकडे मॉड्यूलची तारीख तीच राहिली आणि व्हेंडरने डेव्हिएशन फाइलमध्ये एक लीफ (एकच मूल्य ठेवणारी नोंद) नॉट-सपोर्टेड करून टाकलं, मी दोन दिवस तारखा जुळवत बसलो होतो. ती फाइलही यांग-लायब्ररीत दिसते, तीपण गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाका. फाइलचं नाव मॉड्यूल, मग ॲट (@), मग तारीख असंच ठेवा आणि अपग्रेडच्या आधी जुनी-नवी फाइल पायँगच्या (यांग फाइली तपासायचं साधन) चेक-अपडेट-फ्रॉमला द्या, नियम मोडून काही काढलं किंवा टाइप बदलला असेल तर तिथेच सांगतं. डेप्रिकेटेड करणं मात्र नियमात बसतं, त्यावर ते ओरडणार नाही, त्यासाठी डिफ (दोन फाइलींतला फरक) उघडून स्टेटसच्या ओळी डोळ्यांनी बघाव्याच लागतात.

केळीपट्टा_फायबर (जळगाव)
बघितलं भाऊ. अकरांवर रिव्हिजन २०१४-०५-०८, दोघांवर २०१८-०२-२०. स्क्रिप्ट आता आधी रिव्हिजन विचारते आणि मग पाथ ठरवते, दोघांचे पोर्ट दिसायला लागले. डेव्हिएशन फाइली आज रात्री काढतो, तोवर तिसऱ्या राऊटरला हात लावत नाही.