‘व्यापारी’ नको, तर मग काय?

रानवारा: दिवाळी अंकासाठी नॉर्वेच्या पेडर आंकेरवर (१७४९–१८२४) लिहितेय. घरचा धंदा लाकडाचा, त्यात जंगलं, बॅरुमचा लोखंडाचा कारखाना, कारखान्यांसाठी स्वतः बांधलेला रस्ता. १८१४ साली आइड्सवोलला घटना लिहायला ११२ जण जमले, त्यांचा पहिला अध्यक्ष हाच. पुढे नॉर्वे स्वीडनच्या राजाकडे गेल्यावर १८२२ पर्यंत स्टॉकहोममध्ये नॉर्वेचा पंतप्रधान. मी ‘व्यापारी’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘उद्योगपती’ केलं. त्या काळाला तो शब्द मला खटकतो. तिकडे अशा घराण्यांना ‘प्लांकेआदेल’ म्हणतात, म्हणजे फळ्या विकून झालेले उमराव. मराठीत काय म्हणावं?

तत्सम: काष्ठश्रेष्ठी. उमराव अरबी-फारसीतला, तो टाळाच.

सागवान: काष्ठश्रेष्ठी कोण बोलतं? आमच्या चिपळूणकडे ‘वखारवाले’. आजोबांनी वखार विकली त्याला साठ वर्षं झाली, तरी आजीला बाजारात शेवटपर्यंत ‘वखारवाल्या काकू’च म्हणायचे. त्यात पैसा आला, मान आला, लाकूडही आलं.

तत्सम: वखार तर ‘वेअरहाउस’वरून आलेला!

जुनंपान: मुळीच नाही. हिंदीत धान्याच्या कोठाराला बखार म्हणतात, ती काय इंग्रजांनी शिकवली? आणि श्रेष्ठीच हवा असेल तर ‘शेठ’ घ्या. तो श्रेष्ठीच आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

रानवारा: शेठ आता टपरीवर कुणालाही म्हणतात हो.

जुनंपान: मग ‘सावकार’. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ‘साहुकार’ म्हणजे राज्याची शोभा. तिथंच म्हटलंय की टोपीकर, म्हणजे युरोपीय, हेही साहुकारी करतात, पण ते वरकड साहुकारांसारखे नव्हेत. त्या टोपीकरांत ‘डिंगमार’ आहेत, म्हणजे डेन्मार्कवाले. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्याच राजाकडे होतं. पेडरचा चुलतभाऊ कार्स्टेन तर त्यांच्या आशियाई कंपनीचा संचालक, आणि कार्स्टेनचा सख्खा भाऊ पेटर तमिळनाडूतल्या त्यांच्या वसाहतीचा, तरंगमबाडीचा, गव्हर्नर! घटनासभा भरली ती कार्स्टेनच्याच घरात. आपल्या जुन्या मराठीत ही माणसं आधीच बसलेली आहेत.

रानवारा: हे माहीत नव्हतं, लेखात घेते. पण सावकार म्हटलं की वाचकाला गहाणखत दिसतं. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांतली कर्जखतं जाळली. त्यानंतर तो शब्द पुन्हा शोभेचा कसा करायचा?

सागवान: म्हणून तर वखारवाले म्हणतोय. सुरत-राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीही आपण वखारीच म्हटल्या.

तत्सम: त्या वखारी परक्यांच्या. हा माणूस स्वतःच्या देशात धंदा करतोय. अर्थ बिघडतो.

जुनंपान: हा मुद्दा खरा आहे. पण मला आता डिंगमारनं धरलंय. पोर्तुगीज डेन्मार्कला दिनामार्का म्हणतात, त्यावरूनच आला असणार.

तत्सम: मग मधला ‘ग’ कुठून आला?

सागवान: आमच्याकडे बोलताना नाकात ओढलं की असा ‘ग’ आपोआप येतो. दुसरं उदाहरण आहे का कुणाकडे?