लीव्ह व्हेकन्सीवरचे सर-मॅडम : कोवळ्या वयात वर्गावर उभं राहिलेल्यांचे अनुभव

बारावी झाली, डी.एड.ची दोन वर्षं झाली, की विसाव्या वर्षी माणूस वर्गावर जायला मोकळा. पण कायमची जागा कुठे असते? मग कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर, कुणाच्या आजारपणात, कुणी इलेक्शन ड्यूटीला गेलं म्हणून उभं राहायचं. हीच लीव्ह व्हेकन्सी. शिक्षकांच्या खोलीत ज्यांच्या नावाचं कपाट कधीच नव्हतं, त्यांनी इथे लिहा. पगाराचंही लिहा, लाजू नका.

सांगलीकडची

बी.एस्सी.चा निकाल नुकताच लागला होता. शाळेतल्या गणिताच्या मॅडम १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेल्या आणि हेडसरांनी वडिलांना निरोप धाडला, ‘पोरगी घरीच आहे ना?’ बी.एड. नाही म्हटल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळण्याचा प्रश्नच नव्हता. संस्था व्हाउचरवर सही घेऊन मानधन देणार, तेही ‘बघू, दिवाळीनंतर’.

शाळा माझीच. ज्या सरांनी मला छडी दिली होती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं! मी आपली खिडकीशी उभी राहूनच वह्या तपासायचे. घंटेनंतर पळत येताना मला फाटकात अडवणारे शिपाईमामा आता ‘मॅडम, चहा’ म्हणून कप पुढे करायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना हसू येतंय की नाही ते कळायचं नाही.

वय वाढवायला आईच्या साड्या. त्याचा दहावीच्या पोरांवर काडीचाही परिणाम नाही. हजेरी घेताना एकाच घशातून चार-चार ‘हजर मॅडम’ यायचे. मग मी तासाच्या सुरुवातीला हजेरी घेणंच बंद केलं. फळ्यावर उदाहरण द्यायचं, बाकांमधून फिरायचं, वहीत काय केलंय ते बघायचं आणि तिथल्या तिथे हजेरीत खूण करायची. पोरं वर्गात टिकली, शिवाय कोण कुठे अडतंय ते कळायला लागलं. मागच्या बाकावरच्या निम्म्यांचं घोडं वर्गसमीकरणात नाही, साध्या ऋण चिन्हाच्या बेरजेत अडलेलं होतं. ‘आमच्या मॅडम असं नाही करत’ हे मात्र रजा संपेपर्यंत ऐकलं.

मानधन मिळालं. कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारू नका.

हिंगोली

आमची तऱ्हा वेगळीच. फेब्रुवारी २०११, ९ ते २८ जनगणना. गावची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. एका गुरुजींची आधीच बदली झालेली, दुसरे प्रगणक. परिपाठ उरकला की ते याद्यांची पिशवी घेऊन घरोघर. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माझे चुलते. मी एफ.वाय.ला, कॉलेजला जायचो ते एस.टी. आली तर. काका म्हणाले, ‘पारावर बसण्यापेक्षा शाळेत बस.’ मोबदला म्हणजे पोरांसोबत खिचडी.

गुरुजींनी सगळं तोंडी सांगितलं : पहिलीला पाटीवर अक्षरं, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, चौथीला भागाकार. मी तसं दिलं. थोड्याच वेळात चारही वर्गांचं काम संपलं आणि सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. तेव्हा चौथीतली एक पोरगी उठून म्हणाली, ‘दादा, तिसरीच्या वह्या आमच्याकडं द्या, आमी तपासतो. अन् दुसरीवाले पहिलीला वाचून दावतेत. गुरुजी असंच करतेत.’ दिल्या. तिनं लाल पेन्सिल कंपासमधून काढली, माझ्याकडं मागितली पण नाही. पुढं रोज सकाळी मी तिलाच विचारायचो, आज काय घ्यायचं.

_(धागाकर्ती : म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक तीच! पुढचे, लिहा.)_

डोंबिवली

माझं छोटंसं. आई घरातच बालवाडी चालवायची. तिला चिकनगुनिया झाला तेव्हा मी अकरावीत, कॉलेज दुपारचं. मुलं मला बाई म्हणायला तयार नाहीत, ‘आमच्या बाई कधी येणार’ एवढंच. डबे उघडून द्यायच्या वेळी मात्र सगळ्यांना माझी गरज. त्या स्टीलच्या डब्यांची झाकणं कोण एवढी घट्ट लावतं, आईलोकांनो?

जुना शिक्षण सेवक

२००० साली शिक्षण सेवक योजना आली, म्हणजे नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. तेव्हा प्राथमिकला महिना ३,०००, आणि तीन वर्षं तसंच राहायचं. मी २००३ चा. खोलीभाडं आणि मेसचे पैसे गेले की गावी जायला तिकिटापुरतेही उरायचे नाहीत. जानेवारी २०२३ पासून तेच १६,००० झालेत. चांगलंच झालं, पण काम तेव्हाही कायम शिक्षकाइतकंच होतं आणि आजही आहे. बाकी सगळं माझ्या पेन्शनच्या अर्जात लिहीन.

नगर जिल्हा

मी सगळ्यात अलीकडची. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : बारावीला ६,०००, पदवीला १०,०००, मुदत सहा महिने, पुढे पाच वाढवले. मी बी.ए., जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. नावाला प्रशिक्षणार्थी. प्रशिक्षण देणार कोण, जागाच रिकामी होती. पहिल्या सकाळी हेडबाईंनी दुसरीचा वर्ग हातात दिला आणि त्या ऑनलाइन माहिती भरायला बसल्या.

प्रगतिपत्रकावर सही करायचा अधिकार मला नाही. शेरे मी लिहायचे, सही बाईंची. बाई म्हणाल्या, ‘छान, प्रगती आहे’ असं लिहून टाक सगळ्यांना. मी एकाला लिहिलं, ‘वाचताना ओळ सुटते, ओळीखाली बोट ठेवून वाचू द्यावे.’ त्याची आई तावातावाने शाळेत आली. मला वाटलं भांडणार. तिचं म्हणणं, आम्ही घरी बोट ठेवलं की हातावर मारतो, मागच्या वर्षी तसंच सांगितलं होतं, आता नक्की काय करायचं ते एकदा ठरवा!

मुदत संपली. आता डी.एल.एड.ला (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) प्रवेश घेतलाय. ते झालं की टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट). मधल्या काळात जवळपास कुठे लीव्ह व्हेकन्सी निघाली तर कळवा, सेमी इंग्रजीही चालेल.